कुक्कुटसमाजातील नवागतांचा प्रश्न

परसातील कुक्कुटपालनावरील माहितीपुस्तिकांमध्ये खुराड्याची लांबी-रुंदी, खाद्यातील प्रथिनांचे प्रमाण, लासोटाची लस पिल्लाच्या डोळ्यात कितव्या दिवशी टाकायची आणि खुराड्यातले खत कोणत्या झाडाला घालायचे, हे सारे सविस्तर सांगितलेले असते. परंतु आधीपासून नांदत असलेल्या सात कोंबड्यांमध्ये बाहेरून आणलेल्या तीन कोंबड्या सोडल्या की पहिल्या अर्ध्या तासात परसात जे घडते, त्याबद्दल या पुस्तिका ‘नवीन पक्षी हळूहळू मिसळू द्यावेत’ या सल्ल्यापलीकडे सहसा जात नाहीत. सल्ला बिनचूक आहे. अडचण एवढीच की तो माणसाला उद्देशून दिलेला असतो आणि त्याची अंमलबजावणी मात्र कोंबड्यांनी करायची असते.

त्या अर्ध्या तासाचा क्रम बहुतेक घरी सारखाच असतो. नवी कोंबडी पाटीतून बाहेर पडते, मान उंच करून चहूकडे पाहते आणि पहिला दाणा टिपण्यासाठी वाकते, तोच परसातील सर्वांत वजनदार जुनी कोंबडी हातातले, म्हणजे पायातले, उकरण्याचे काम टाकून तरातरा येते आणि तिच्या डोक्यावर, नेमकी तुऱ्याच्या मुळाशी, चोच मारते. नवी पळते. पळणाऱ्या कोंबडीच्या मागे धावणे हे कुक्कुटसमाजात सार्वजनिक कर्तव्य मानले जात असल्यामुळे उरलेल्या सहाही जणी तिच्यामागे लागतात, आणि त्यांतली शेवटची, जिला आजवर कोणीही जुमानलेले नाही, ती सर्वांत जोरात धावते. घरातील मंडळी एव्हाना ओटीवरून खाली उतरलेली असतात, कोणाच्या हाती केरसुणी असते, कोणाच्या हाती नुसतीच चप्पल, आणि ‘बिचारी’ व ‘माजलेल्या’ ही दोन विशेषणे पाच मिनिटांच्या आत दोन्ही पक्षांना कायमची वाटून दिली जातात. ही वाटणी घाईची आहे.

कोंबड्यांच्या या वर्तनाचा पहिला पद्धतशीर अभ्यास थोरलेफ श्येल्डेरूप-एब्बे (१८९४–१९७६) या नॉर्वेच्या प्राणिशास्त्रज्ञाने केला. कोणती कोंबडी कोणाला टोचते याचे निरीक्षण त्याने पोरवयातच सुरू केले होते आणि त्यातून आकाराला आलेला निबंध १९२२ साली मानसशास्त्राच्या एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे की, कळपातील कोणत्याही दोन कोंबड्या घेतल्या तर त्यांपैकी एक दुसरीला टोचते व दुसरी ते निमूटपणे सोसून बाजूला होते, आणि अशा सर्व जोड्या एकत्र मांडल्या म्हणजे वरपासून खालपर्यंत एक उतरंड तयार होते. इंग्रजीत ‘पेकिंग ऑर्डर’ म्हणून रूढ झालेली आणि पुढे माणसांच्या कचेऱ्या, राजकीय पक्ष व संमेलनांची व्यासपीठे यांना सर्रास लावली जाणारी कल्पना ती हीच. येथे तिला टोचक्रम म्हटले आहे. ही कल्पना मांडणाऱ्या संशोधकाला मायदेशीच्या विद्यापीठीय उतरंडीत मात्र मनाजोगे स्थान मिळाले नाही, ही गोष्ट त्याच्या सिद्धान्ताच्या बाजूचा पुरावा मानावी की विरुद्ध बाजूचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

टोचक्रम नेहमी सरळ रेषेत असतोच असे नाही. पहिली कोंबडी दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला टोचते, आणि तिसरी मात्र, जी नियमाने सर्वांत खाली असावयास हवी, ती येऊन पहिलीला टोचते, असे त्रिकोणही श्येल्डेरूप-एब्बेला आढळले होते. याचे कारण असे की दोन कोंबड्यांमधील निकाल त्यांच्या पहिल्या गाठीभेटीत लागतो, आणि त्या दिवशी एखादी बलदंड कोंबडी पिसे गाळत असली, आजारातून उठलेली असली किंवा अनोळखी जागी उतरलेली असली, तर एरवी तिच्यापुढे टिकाव न धरणारी कोंबडीही तिला हरवून जाते. नंतर पहिलीची पिसे भरून आली, अंगावर मांस चढले, तरी तो निकाल सहसा फेरविचारासाठी घेतला जात नाही. पाळणाऱ्याला मग दाराएवढी कोंबडी एका किडकिडीत कोंबडीला पाहून भांड्यापासून दूर होताना दिसते आणि तो तिला भित्री ठरवतो. ती भित्री नसते. तिला तारीख आठवत असते.

येथे थोडे अंकगणित अपरिहार्य आहे. सात कोंबड्यांच्या कळपात २१ जोड्या होतात, म्हणजे २१ निकाल लागलेले असतात आणि प्रत्येकीला आपल्यापुरते सहा पाठ असतात. तीन नव्या कोंबड्या आल्या की जोड्यांची संख्या ४५ होते. त्यांतील जुने २१ निकाल आणि नव्यांचे आपसातील तीन वजा केले, तर आणखी २१ निकाल लागावयाचे राहतात. माणसाला जो दंगा वाटतो, तो वस्तुतः प्रलंबित प्रकरणांचा निपटारा आहे, आणि एकूण देशाची परिस्थिती पाहता तो अतिशय वेगाने होत असतो.

हा निपटारा होणे कोंबड्यांच्याच हिताचे असते, हे सहजी पटत नाही, पण त्याला आधार आहे. शिकागोचे प्राणिशास्त्रज्ञ डब्ल्यू. सी. ॲली आणि त्यांचे सहकारी ए. एम. गुल यांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही कळप आहे तसे ठेवले आणि काहींमधील कोंबड्या सतत बदलत ठेवल्या. ज्या कळपांत सारख्या नव्या कोंबड्या येत राहिल्या, तेथे टोचाटोची वाढली, खाणे कमी झाले आणि अंडीही कमी मिळाली. याचा अर्थ टोचक्रम हे भांडणाचे कारण नसून भांडण मिटल्याचा दस्तऐवज आहे. तो तयार असला की वरच्या कोंबडीने नुसती मान वर केली तरी खालची सरकून वाट देते, चोच उचलावीही लागत नाही, आणि दोघींचाही वेळ दाणे टिपण्यात जातो. नवी कोंबडी येते ती या दस्तऐवजात कोठेच नोंद नसलेली. ती वाईट असते म्हणून तिला टोचले जात नाही, तर तिला कोठे लिहावे हे ठरलेले नसते म्हणून.

जुन्या पद्धतीच्या खेड्यात हा प्रश्न फारसा उद्भवत नसे, कारण तेथे नवी कोंबडी बहुधा बाहेरून येत नसे, ती घरातच अंड्यातून बाहेर पडे. अंडी देण्याचे थांबवून रवणीला बसलेल्या, म्हणजे अंडी उबवण्याच्या ध्यासाने पिसे फुलवून जागेवरून न हलणाऱ्या कोंबडीला खुडूक म्हणतात. तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवली की एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्ले बाहेर पडत आणि आईमागून परसात हिंडू लागत. खुडूक कोंबडी पिल्लांसह बाहेर निघाली की तिचा टोचक्रमातील पूर्वीचा क्रमांक काहीही असो, कुत्र्यापासून सरपंचापर्यंत सर्वजण तिला वाट देतात. पिल्ले तिच्या पंखाखाली राहून कोणाची चोच किती लांब पोहोचते हे शिकतात, आणि आई त्यांना सोडून पुन्हा अंड्यांवर येते तेव्हा ती बिनबोभाट उतरंडीच्या तळाशी जाऊन उभी राहतात. नवागत म्हणून त्यांची वेगळी नोंद होतच नाही. एकदिवसीय पिल्ले विकत आणून रात्रीच्या वेळी खुडूक कोंबडीच्या पोटाखाली सरकवण्याची जी पद्धत आहे, ती याच व्यवस्थेचा आधार घेते. सकाळी कोंबडी आपल्या कर्तबगारीवर खूष होऊन पिल्ले बाहेर आणते आणि कालपर्यंत चार अंडी होती, आज अकरा पिल्ले कशी, असा हिशेब करीत बसत नाही.

आज मात्र परसात येणाऱ्या कोंबड्या बाजारातून, पिंजऱ्याच्या गाडीवरून, उबवणी केंद्रातून किंवा योजनेतून येतात. महाराष्ट्र शासनाच्या पशुसंवर्धन विभागाच्या एका योजनेत २५ माद्या आणि ३ नर असा तलंगांचा गट निम्म्या अनुदानावर दिला जातो; तलंग म्हणजे अद्याप अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, आणि योजनेतील तलंगा साधारण आठ ते दहा आठवड्यांच्या असतात. ज्या परसात आधी सात गावठी कोंबड्या आहेत तेथे हा गट उतरला, तर जोड्यांची संख्या २१ वरून एकदम ५९५ वर जाते. त्यांपैकी ३७८ जोड्या नव्यांच्या आपसातल्या असून त्यांचे निकाल त्यांच्यापुरते लागलेले किंवा लागत असतात, परंतु जुन्या-नव्यांच्या १९६ जोड्या उरतातच, आणि सात वयस्क कोंबड्यांनी त्या सर्व निकालात काढाव्यात अशी अपेक्षा असते. अर्थात संख्याबळाचा नव्यांना फायदाच होतो, कारण अठ्ठावीस जणींत मार वाटला जातो. खरी पंचाईत होते ती एकट्या कोंबडीची. हौसेने किंवा कोणाच्या आग्रहाने एकच कडकनाथ कोंबडी आणली जाते. मध्य प्रदेशातील झाबुआची ही जात २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून प्रतिष्ठित झालेली असली, तरी त्या मानांकनाची प्रत कोंबड्यांपर्यंत पोहोचलेली नसते, आणि पिसे, कातडी व तुरा सगळेच काळसर असलेली ही पाहुणी तांबूस कळपात इतकी उठून दिसते की प्रत्येकीला तिची दखल घेणे भाग पडते. म्हणून अनुभवी पाळणारे एकटी कोंबडी कळपात सोडत नाहीत. दोन तरी, आणि शक्य तर एकत्र वाढलेल्या, आकाराने जुन्यांच्या जवळ जाणाऱ्या अशा सोडतात.

वय आणि आकार यांचा प्रश्न केवळ चोचीचा नाही, तो भांड्याचाही आहे. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात कवचासाठी कॅल्शियम बरेच, साधारण साडेतीन ते चार टक्के, घातलेले असते आणि वाढत्या तलंगेला त्याचा चौथा हिस्साही पुरतो. अधिक कॅल्शियम दीर्घकाळ पोटात गेले तर तिच्या मूत्रपिंडांना अपाय होतो. उलट तलंगांचे खाद्य जुन्यांना घातले तर अंडी पातळ कवचाची पडतात. यावर तोडगा असा की सर्वांना वाढीचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्या गरजेप्रमाणे तो खातात. कोकणात शिंपले फुकट मिळत असल्यामुळे हा तोडगा तेथे विशेष लोकप्रिय व्हावयास हवा; पण प्रत्यक्षात नव्या कोंबड्यांना जुन्यांचेच खाद्य आवडते, जुन्यांना नव्यांचे, आणि दोन्ही गटांना शेजाऱ्यांच्या अंगणात वाळत घातलेले भात.

मिसळण्याच्या आधी विलगीकरणाची पायरी येते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची प्रथा सार्वत्रिक आहे. नवी कोंबडी आपल्याबरोबर उवा, गोचीड, रक्ती हगवण, श्वसनाचे विकार किंवा मानमोडी आणू शकते. मानमोडी म्हणजेच राणीखेत हा विषाणुजन्य आजार असून तो लसीकरण न झालेला अख्खा कळप काही दिवसांत आडवा करू शकतो. म्हणून नव्यांना दोन ते चार आठवडे जुन्यांपासून लांब ठेवावे, दाणापाणी आधी जुन्यांचे करून मग नव्यांकडे जावे, आणि भांडी व चपला वेगळ्या ठेवाव्यात, असे पशुवैद्य सांगतात. पहिल्या दिवशी हे सर्व पाळले जाते. तिसऱ्या दिवशी चपला एक होतात, पाचव्या दिवशी भांडे एक होते, आणि आठवडा संपायच्या आत घरातील कोणीतरी ज्येष्ठ माणूस ‘आमच्या वेळी कोठे होती ही थेरं’ असे म्हणून डालगे उचलतो. आमच्या वेळी म्हणजे ज्या वेळी मानमोडीच्या साथीत गावात कोंबडा आरवायला उरत नसे, त्या वेळी, हे त्या क्षणी कोणी बोलून दाखवत नाही.

विलगीकरणानंतर जाळीची पायरी. परसाचा एक भाग जाळीने वेगळा करून नव्यांना त्यात ठेवले म्हणजे दोन्ही गटांना एकमेकींचे चेहरे दिसतात, पण चोच पोहोचत नाही. कोंबडी दुसऱ्या कोंबडीला मुख्यतः डोक्यावरून, त्यातही तुऱ्यावरून ओळखते. तुऱ्याचे रूप बदलले किंवा डोक्यावरची पिसे रंगवली, तर कालच्या मैत्रिणीलाही परकी समजून टोचले जाते, असे प्रयोगांत दिसून आलेले आहे. मोठा व लालभडक तुरा हा दबदब्याचा परवाना मानला जातो, त्यामुळे जाळीपलीकडील प्रत्येक तुऱ्याची नीट पाहणी केली जाते. जुन्या कोंबड्या पहिले दोन दिवस जाळीवर येऊन आदळतात, पिसे फुलवतात, नंतर त्यांना कंटाळा येतो. हा कंटाळा म्हणजे संपूर्ण प्रक्रियेचे खरे यश होय. मात्र या काळात पाळणाऱ्याला कंटाळा येता कामा नये, कारण जाळी अकाली काढली जाते ती कोंबड्यांची ओळख पटल्यामुळे नव्हे, तर वाळत घालायची मिरची ठेवायला जागा हवी असल्यामुळे.

रात्री मिसळण्याची युक्ती जाळीच्या पायरीहून अधिक प्रसिद्ध आहे. कोंबड्यांना अंधारात फारसे दिसत नाही, तेव्हा दिवेलागणीनंतर नव्या कोंबड्या अलगद नेऊन जुन्यांच्या दांडीवर बसवाव्यात, म्हणजे सकाळी उठल्यावर त्या पूर्वीपासूनच येथे होत्या असे जुन्यांना वाटते, असा तिच्यामागील विचार. कोंबडे झाकून ठेवले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण इतक्या शब्दशः लागू पडणारे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे. दिवसाच्या उजेडात कोंबडीची रंगदृष्टी माणसाहून सरस असते. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी माणसाच्या डोळ्यात तीन प्रकारच्या असतात, कोंबडीच्या चार, आणि तिला अतिनील प्रकाशही दिसतो. अशा डोळ्यांनी पहाटे शेजारी पाहणाऱ्या कोंबडीला शेजारीण बदलल्याचे कळत नाही, असे मानणे हा तिच्यावर अन्याय आहे. तरीही ही युक्ती अगदीच निरुपयोगी नाही. नवी कोंबडी दारातून आत शिरण्याचा अपमानकारक समारंभ त्यामुळे टळतो, सकाळी सगळ्या एकदमच खाली उतरतात, आणि पोट रिकामे असल्यामुळे पहिली पाच मिनिटे तरी लक्ष दाण्याकडे असते. अट एकच, की पाळणाऱ्याने सूर्योदयापूर्वी तेथे हजर असले पाहिजे; आणि युक्ती फसल्याचे बहुतेक प्रसंग हे या अटीमुळेच घडतात.

टोचाटोचीत सगळ्यांत धोक्याची गोष्ट म्हणजे रक्त. पाठलाग, डोक्यावर चोच, चार पिसे उपटली जाणे हे रीतसर मानावे; पण रक्ताचा थेंब दिसला की लाल रंगाकडे ओढल्या जाणाऱ्या साऱ्या कोंबड्या त्याच जागी टोचत राहतात आणि प्रसंगी जीव जातो. म्हणून जखमी कोंबडी ताबडतोब बाजूला काढतात, आणि तिच्या जखमेवर निळे-जांभळे औषध लावण्यामागे लाल रंग झाकण्याचाही हेतू असतो. अमेरिकेत या प्रश्नाचा विचार निराळ्या दिशेने झाला. टेनेसी राज्यातील अँड्र्यू जॅक्सन नावाच्या गृहस्थाने १९०३ साली कोंबड्यांच्या डोळ्यांचे टोचण्यापासून रक्षण करणाऱ्या चष्म्याचे पेटंट घेतले. पुढे लाल काचेचे चष्मे निघाले, ज्यांतून सगळेच लाल दिसत असल्यामुळे रक्त वेगळे उठून दिसू नये. आणि त्याही पुढे जाऊन एका कंपनीने कोंबड्यांसाठी लाल कॉन्टॅक्ट लेन्स तयार केल्या. त्या व्यवसायावरील प्रकरण हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयात विद्यार्थ्यांना अभ्यासाला लावले जात असे. हजारो कोंबड्यांच्या डोळ्यांत एकेक करून लेन्स बसवण्यास तयार असणारा समाज त्यांना पळायला दोन हात जागा जास्त देण्यास मात्र तयार नव्हता, ही बाब त्या प्रकरणात अभ्यासण्यासारखी होती.

कारण अखेरीस सगळा प्रश्न जागेपाशी येतो, आणि ही जागा जिंकणाऱ्या कोंबडीसाठी नसून हरणाऱ्या कोंबडीसाठी लागते. कोंबड्यांमधील भांडण जिंकल्याने संपत नाही, हरल्याने संपते. हरणारी मान खाली घालते, अंग आखडते आणि दूर जाते. ती दूर गेली की तिची हार नोंदवली जाते आणि जिंकणारी परत उकरायला लागते. परंतु ती दूर जाऊच शकली नाही, खुराड्याच्या कोपऱ्यात किंवा जाळीच्या बेचक्यात अडकली, तर जिंकणारीच्या दृष्टीने तिने अजून हार मानलेलीच नसते आणि चोच चालूच राहते. म्हणून मिसळणी नेहमी मोकळ्या परसात करावी, बंद खुराड्यात नव्हे. मध्ये एखादा ओंडका, सुक्या फांद्यांचा ढीग, दोन्ही बाजूंनी उघडे खोके अशा वस्तू असाव्यात, ज्यांच्या आडून पराभूत कोंबडी नजरेआड होऊ शकेल. खुराड्यातील दांडीवर दर कोंबडीला वीस-पंचवीस सेंटिमीटर जागा मिळावी. खाद्य व पाण्याची भांडी निदान दोन ठिकाणी आणि इतक्या अंतरावर हवीत की एका भांड्यावर पहारा देणारीला दुसरे दिसू नये. तीन ठेवली तर पहारेकरणीचा दिवस चालण्यातच जातो आणि संध्याकाळपर्यंत तिचा जोर आपोआप ओसरतो.

पाळणाऱ्याचा कल मात्र याच्या नेमका उलट असतो. त्याला हरणाऱ्या कोंबडीला पळू द्यावयाचे नसते, जिंकवायचे असते. तो तिला उचलून घरात आणतो, हातावर दाणे देतो, थोपटतो आणि तासाभराने पुन्हा कळपात सोडतो. म्हणजे दिवसातून चार वेळा तिला नवागत करतो. वरचढ कोंबडीला तो हाकलतो, दम देतो, प्रसंगी पाणीही उडवतो, आणि एवढ्या साऱ्या शिक्षेचे कारण काय, याचा बोध न झाल्यामुळे ती आपला राग जवळच्या कोंबडीवर काढते, जी बहुधा तीच नवी असते. जितका वेळ पाळणारा परसात खुर्ची टाकून बसतो तितका वेळ निकाल लांबतात, हे बहुतेक घरांतील गृहिणींनी केव्हाच ओळखलेले आहे, आणि त्या त्याला याच सुमारास बाजारात पाठवतात. नव्या कोंबडीला दिवसभर दाणापाण्यापर्यंत पोहोचताच आले नाही, ती दांडीवरून खाली उतरेनाशी झाली किंवा रक्त आले, तर हस्तक्षेप जरूर करावा. एरवी काही आठवड्यांत सर्व निकाल लागतात. या काळात अंडी कमी होतात, आणि अंडी कमी झाली की पाळणाऱ्याची सहानुभूती नव्यांकडून जुन्यांकडे सरकू लागते, हेही नमूद केले पाहिजे.

कळपात कोंबडा असेल तर त्याची भूमिका वेगळी असते. नर आणि माद्या यांचे टोचक्रम स्वतंत्र असल्यामुळे नव्या तलंगांच्या आगमनाने त्याचे काहीच बिघडत नाही, उलट त्याला विलक्षण कामाचा उत्साह येतो. एक पंख जमिनीपर्यंत झुकवून तो नवीभोवती अर्धवर्तुळात नाचतो, दाणा चोचीत उचलून खाली टाकतो आणि कुकुक् कुकुक् करून तिला बोलावतो. खाण्यासारखे काहीच नसतानाही कोंबडे अशी हाक देतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. तरीही दोन कोंबड्यांची जुंपली की मध्ये घुसून त्यांना वेगळे करण्याचे काम तो बरेचदा करतो, तेव्हा नव्यांनी त्याच्या आसपास राहणे पसंत केले तर त्यात गैर काही नाही. नव्या गटाबरोबर आलेले तीन नर हा निराळा विषय आहे. त्यांचा निकाल टोचक्रमाने क्वचितच लागतो, शिमगा, पाहुणे आणि वडे यांनी लागतो. आषाढ अमावास्येपर्यंत तो लागला नाही, तर श्रावणात लागत नाही, एवढीच काय ती मुदत असते. वरची कोंबडी अशा प्रसंगी पातेल्यात गेली, तर खालच्या कोणताही गाजावाजा न करता एकेक पायरी वर सरकतात, आणि येणाऱ्यांविषयी एवढा गहजब करणारा कळप जाणाऱ्यांविषयी किती शांत असतो, हे पाहून माणसे काही काळ गप्प राहतात.

एखादी जुनी कोंबडी काही केल्या नव्यांचा पिच्छा सोडत नसेल, तर आणखी एक उपाय उरतो, तो म्हणजे तिलाच काही दिवस बाहेर काढणे. दोन-तीन आठवड्यांच्या ताटातुटीनंतर कोंबड्या एकमेकींना विसरू लागतात. तेवढा काळ ती वेगळी राहिली की मागे सर्व निकाल तिच्यावाचून लागतात, आणि प्रदीर्घ रजेवरून परतलेल्या हेडक्लार्कला आपले टेबल खिडकीपासून दारापाशी सरकवलेले आढळावे, तशी ती कळपात परतते. आता नवागत ती असते. ज्या कोंबडीचा तिने छळ केला, तीच पुढे येऊन तिच्या तुऱ्याच्या मुळाशी चोच मारते आणि घरातील मंडळी नव्याने ‘बिचारी’ हे विशेषण शोधू लागतात.

हे सर्व पार पडल्यावर जाळी काढून टाकावी, असे सांगितले जाते. पण ती काढता येईलच असे नाही. नव्यांसाठी म्हणून जे कोपऱ्यातले, शांत, तूस घातलेले आवार तयार केलेले असते, ते जुन्या कोंबड्यांच्या दृष्टीने परसातील उत्तम जागा ठरते, आणि दार उघडे राहू लागल्यावर काही दिवसांतच त्यांतली एखादी आत जाऊन अंडी घालू लागते. पाळणाऱ्याला खुराड्यातल्या अंड्यांची घट समजते, आवारातल्या अंड्यांचा ढीग मात्र समजत नाही. पंधरवड्याने तो मिरचीसाठी जागा मोकळी करायला जातो, तेव्हा परसातली सर्वांत वजनदार कोंबडी खुडूक होऊन नऊ अंड्यांवर बसलेली असते, जाळीला हात लावताच फुत्कारते, आणि पुढचे तीन आठवडे जाळी जेथे आहे तेथेच राहते.